यंदा राजा आमच्याकडे झोपतो

लॅन्वेन, कॉर्नवॉल
३ मार्च १९८६

प्रिय होरेस,

नाताळच्या कार्डाबद्दल आभार. उत्तराला उशीर झाला, पण तुझं कार्डही जानेवारीतच येतं, तेव्हा आपली फिटंफाट. त्यावर नेहमीचंच वाक्य होतं, 'टॅमसिन, माझं दार तुला सदैव उघडं आहे, हवं तेवढे दिवस येऊन राहा.' माझा विल्फ गेल्यापासून दर नाताळाला हे वाक्य येतं. आधी 'आमचं दार' असायचं, एडना गेल्यावर 'माझं' झालं, इतकाच काय तो फरक. यंदा मी ते पहिल्यांदा नीट वाचलं, कारण यंदा त्याची गरज पडेलसं दिसतंय.

पाटी सलग तीन वर्षं टेकडीपलीकडच्या पोल्गॅरोकडे आहे. तू गाव सोडलंस तेव्हा पाटी नव्हती, नुसती डोकी फुटायची. केरीक टेकडीच्या पोटात आर्थर राजा सरदारांसकट झोपलाय आणि देशावर संकट आलं की उठेल, हे तेव्हाही दोन्ही गावांना मान्य होतं. वाद एवढाच की तो आत शिरला आमच्या बाजूने की त्यांच्या. नॉर्मन आले, प्लेग आला, हिटलरने बॉम्ब टाकले, तरी गडी कूस बदलत नाही, म्हणजे सरकारी नोकरीत असणार, असं विल्फ म्हणायचा. तर तू गेल्यावर एका पाद्रीबाबांनी तोडगा काढला. दर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी 'आंधळा बगळा' पबमध्ये दोन गावांची प्रश्नमंजूषा. प्रश्न सगळे ब्रिटनचा इतिहास, दंतकथा आणि भूगोल यांवर. जिंकेल त्या गावात राजा वर्षभर झोपणार. 'आर्थर राजा येथे निद्रिस्त आहे' ही ओकची पाटी त्या गावाला मिळते, आणि पर्यटकांच्या बसगाड्या पाटी असेल तिथे थांबतात.

आता बस पोल्गॅरोला थांबतात आणि माझ्या चहाच्या दुकानात माशासुद्धा थांबत नाहीत. दुकानाचा मालक म्हणाला, यंदा पाटी आली तर दुकान तुझं, नाहीतर सप्टेंबरात मी दुसऱ्याला देणार. दुकानाच्या वरच्याच खोल्यांत मी राहते, म्हणजे घरही गेलंच.

आमच्या संघात मी आणि मासेवाला जॅगो. इतिहासाच्या प्रत्येक प्रश्नाला जॅगोचं उत्तर '१०६६' असतं, नॉर्मन आले ते साल. कधीतरी लागेलच, असं त्याचं म्हणणं. त्यांच्याकडे गार्फील्ड ट्रेवेला आहे, त्याला सगळ्या राजांच्या राण्या तोंडपाठ आहेत, स्वतःची कुठे असते तेवढं सोडून.

तर विचारते, कार्डावरचं खरं आहे ना?

तुझी चुलतबहीण,
टॅमसिन


हडर्सफील्ड, यॉर्कशायर
१२ मार्च १९८६

प्रिय टॅमसिन,

'खरं आहे ना' हा काय प्रश्न झाला? पेनरोझ माणूस लिहितो ते खरंच असतं. माझं दार उघडं आहे. सध्या ते दमटपणाने फुगून जरा अडकतं, पण खांदा लावून रेटलं की उघडतं.

तुला मागची खोली देईन. तिथे माझा दगडांचा संग्रह आहे. दगड भूगर्भाच्या कालखंडांनुसार मांडलेत, त्यामुळे हलवता येणार नाहीत, पण अंग चोरून गेलं की पलंगापर्यंत पोचता येतं. जिना उभा आहे. भल्या पहाटे गिरणीचा भोंगा होतो, त्याची वर्षा-दोन वर्षांत सवय होते. मांजराने मला शिंका येतात, तेव्हा तुझ्या बिशपची सोय बागेतल्या शेडमध्ये करू. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, केवळ माहिती म्हणून.

माझं म्हणशील तर एवढ्या मोठ्या घरात एकटा माणूस. संध्याकाळी बीन्सचा डबा उघडतो, टोस्टवर ओततो आणि नकाशे बघत बसतो. मला तेवढं पुरतं.

पण तू आत्तापासून शस्त्रं का टाकतेस? तुमच्याकडच्या लोकांचं अज्ञान मला ठाऊक आहे, म्हणून उजळणीसाठी चार गोष्टी पाठवतो. कॅन्यूट राजा समुद्राला हुकूम सोडायला बसला नव्हता. भाटांना त्यांचा मूर्खपणा दाखवायला बसला होता. हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जमध्ये झाली नाही. हेड्रियनची भिंत ही स्कॉटलंडची सरहद्द नाही, ती पुरती इंग्लंडात आहे. आइल ऑफ मॅन हा युनायटेड किंग्डमचा भाग नाही. एडिंबरा हे ब्रिस्टलच्या पश्चिमेला आहे. यावर कोणी पैज लावली तर खुशाल लाव. लंडनच्या टॉवरमधले डोमकावळे उडून गेले तर राज्य बुडेल अशी समजूत आहे, म्हणून त्यांचे पंख छाटतात. राज्य टिकवायची ही पद्धत मी वर्गात नेहमी सांगायचो.

अभ्यास कर. दुकान वाचलंच पाहिजे. तुझ्यासाठी म्हणतो.

तुझा,
होरेस


लॅन्वेन
२४ मार्च १९८६

प्रिय होरेस,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. गिऱ्हाईक नव्हतंच, जॅगो होता. भिंतीचं ऐकून तो म्हणाला, 'सरहद्दीवर नाही तर मग बांधली कशाला, टेकून बसायला?' कॅन्यूटचं मात्र त्याला पटलं. त्याच्या मते समुद्राचं कोणी ऐकत नाही हे कळायला राजा कशाला हवा, मासेवाल्याला विचारायचं. एडिंबऱ्यावर त्याने गार्फील्डशी बीअरची पैज लावली आणि जिंकला. गार्फील्ड अजून नकाशा उलटासुलटा करून बघतोय.

बीन्सचं वाचलं. होरेस, तू असा कधी नव्हतास. लहानपणी आईच्या हातचा रविवारचा भाजलेला गोमांसाचा तुकडा तू पट्टीने मोजून वाटून घ्यायचास. आता डब्यातलं खातोस आणि 'पुरतं' म्हणतोस. एडना असती तर तिने तो डबा तुझ्या डोक्यात घातला असता. ते पत्र वाचून मला रात्रभर कसंसंच झालं.

आता बातमी ऐक. दोन्ही गावांच्या समितीने यंदा परीक्षक म्हणून तुझं नाव काढलंय. गेल्या वर्षीच्या परीक्षकांनी पोल्गॅरोच्या कोणाकडून तरी अंडी घेतली, असा बोभाटा झाला होता. तुझ्या बापाचं घर बरोबर शिवेवर होतं, त्यामुळे आम्ही तुला पोल्गॅरोचा समजतो आणि ते तुला लॅन्वेनचा. इतका परका माणूस शोधून सापडायचा नाही. मी तुझी चुलतबहीण हे गार्फील्डला सांगितलं, तर तो म्हणाला, 'पेनरोझ लोक एकमेकांना मदत करताना आजवर कोणी पाहिलेत?' सगळ्यांनी माना डोलावल्या.

नियम तेच. प्रश्न परीक्षकाचे, आणि परीक्षकाचा शब्द अंतिम. त्यावर ब्र काढायचा नाही. गुण सारखे झाले तर दोन्ही कप्तानांना एकेक प्रश्न. दोघंही चुकले तर पाटी जिथे आहे तिथेच राहते. आमची कप्तान मी.

येशील ना?

टॅमसिन


हडर्सफील्ड
१ एप्रिल १९८६

प्रिय टॅमसिन,

तारीख पाहून गैरसमज करून घेऊ नकोस, मी येतोय. शुक्रवारी संध्याकाळी पोचेन, उतरेन पबमध्येच.

मात्र एक स्पष्ट करतो. मी पस्तीस वर्षं पेपर तपासले, कोणाचा अर्धा गुण वाढवला नाही की कापला नाही. शाळेत मला 'तराजू' म्हणायचे. काही पोरं आणखी काही म्हणायची, ते असो. तेव्हा प्रश्नांबद्दल एक शब्दही विचारू नकोस. माझ्या तोंडून काही निघणार नाही.

एक सर्वसाधारण विचार म्हणून लिहितो. लोक दूरदूरच्या नद्या पाठ करतात आणि घराजवळची विसरतात. आपल्या सरहद्दीवरच्या नदीकडे माणसाने अधूनमधून बघावं. त्याचा प्रश्नमंजूषेशी काही संबंध नाही.

परवा मागच्या खोलीच्या छतातून पाणी यायला लागलंय. घाबरू नकोस, एकाच कोपऱ्यात येतं. पलंगाच्या.

होरेस


लॅन्वेन
१६ एप्रिल १९८६

प्रिय होरेस,

थोडंच लिहिते, चहाबरोबरचे स्कोन पाव भट्टीत आहेत. खायला कोणी नाही, पण हात सवयीने चालतात.

छताचं वाचलं. तू एकट्याने त्या घरात कसा दिवस काढतोस देव जाणे. तिथल्या भट्टीतला स्कोन भाजायचा पत्रा नीट आहे का, तेवढं बघून ठेव. बिशपला मी शेडबद्दल सांगितलंय, त्याने पाठ फिरवली. पण तो समजूतदार आहे.

शनिवारची काळजी करू नकोस. मी माझं ठरवलंय.

टॅमसिन


लॅन्वेन
६ मे १९८६

होरेस,

तू रविवारी न्याहारी न करता पहाटेच्या गाडीने पळालास, म्हणून हे पत्र.

तू नव्हतास म्हणून नव्हे, तर तू पाहिलंस तेच मी पाहिलं का, हे ताडून बघण्यासाठी सगळं लिहिते. गुण सारखे झाले, कारण जॅगोचा १०६६ अखेर एकदा लागला आणि तो टेबलावर चढला. मग कप्तानांचे प्रश्न. गार्फील्डला तू विचारलंस, 'स्नोडनच्या शिखरावर कोणत्या राक्षसाला पुरलंय, असं म्हणतात?' राजांच्या दाढ्या कापून त्यांचा झगा शिवणारा तो. गार्फील्डने विचार केला आणि म्हणाला, 'करखात्यातला असणार.' चूक. मग माझ्याकडे वळलास आणि घसा साफ करून विचारलंस, 'कॉर्नवॉल आणि डेव्हन यांच्या मधून कोणती नदी वाहते?'

पबमध्ये हशा पिकला. पोल्गॅरोची माणसं म्हणायला लागली, 'हा काय प्रश्न आहे का? पाळण्यातलं पोर सांगेल. सरळ पाटीच देऊन टाका ना बाईंना.' टेमर, होरेस. आम्ही जन्मल्यावर आईच्या आधी टेमर शिकतो. पलीकडे डेव्हन, म्हणजे स्कोनला आधी क्रीम लावून वर जॅम घालणारे रानटी लोक, अलीकडे आपण.

मी उठले आणि म्हणाले, 'सेव्हर्न.'

मुद्दाम म्हणाले, डेव्हनच्याही पार पलीकडची नदी. तुला वाटलं असेल म्हातारी घाबरली. नाही. मी हरायला उभी राहिले होते. मला दुकान हवं होतं. अजून हवं आहे, या खिडकीशिवाय मला करमायचं नाही. पण तुझी पत्रं वाचून वाटलं, आपला होरेस गळक्या घरात डब्यातलं खातोय, आणि मी मात्र माझ्या खिडकीला चिकटून बसलेय. नुसती येते म्हटलं तर तू 'दुकान वाचव' म्हणत मोठेपणा दाखवणार. हरले तर तुला नाही म्हणता येणार नाही. म्हणून सेव्हर्न.

तू चष्मा काढलास. पुसलास. परत घातलास. आणि म्हणालास, 'बरोबर.'

गार्फील्ड उभा राहिला. 'साहेब, टेमर माझ्या मेहुण्याच्या परसातून जाते हो. दर हिवाळ्यात त्याच्या कोंबड्या नेते.' तू म्हणालास, 'परीक्षकाचा शब्द अंतिम आहे.' आता मारामारी होणार असं मला वाटलं. तेवढ्यात जॅगो म्हणाला, 'थांबा जरा. सरहद्द सेव्हर्नवर असेल, तर डेव्हन कोणाचं?'



'आपलं?' गार्फील्ड म्हणाला.

'आणि एक्झिटर?'

'आपलंच म्हणायचं.'

'बाथ?'

'बाथसुद्धा. जाऊन धुऊन काढू.'

गार्फील्ड सावकाश खाली बसला. 'नियम म्हणजे नियम,' तो म्हणाला, 'साहेबांचा शब्द अंतिम.' मग दोन्ही गावांनी मिळून बीअर घेतली. हजार वर्षं इंग्लंडने जे आमच्याकडून घेतलं, ते तू एका शब्दात परत दिलंस. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं आणि तू माझ्याकडे बघायचं टाळलंस.

होरेस, तू बाराव्या वर्षी आजोबांच्या दफनात पाद्रीबाबांना मध्येच थांबवून सांगितलं होतंस की जॉर्डन नदी उत्तरेला नाही, दक्षिणेला वाहते. शवपेटी अर्धी खड्ड्यात होती. आज्जी रडायची थांबून हसली होती. चूक ऐकली की तुझ्या पोटात दुखतं, ते सहन करणं तुला जमतच नाही. आणि तोच तू भर पबमध्ये, दोन गावांसमोर, सेव्हर्नला बरोबर म्हणालास.

दार फुगलेलं का आहे, जिना उभा का आहे, पाणी नेमकं पलंगावरच का गळतं, ते मला तेव्हा कळलं. मी तुझी दया करत होते आणि तू माझ्यापासून पळत होतास. मला टाळायला तू एक अख्खी नदी हलवलीस.

मला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं.

पाटी माझ्या दारावर लागली आहे.

टॅमसिन


हडर्सफील्ड
२१ मे १९८६

प्रिय टॅमसिन,

तुझ्या पत्रातला काही भाग अतिशयोक्तीचा आहे. लोकांनी मला खांद्यावर घेतलं नाही, नुसतं उचललं आणि खाली ठेवलं.

तुझ्या मनावर ताण आला असेल असं समजून मी सौम्य निर्णय दिला. परीक्षकाला तेवढा अधिकार असतो. शिवाय तुला तुझं दुकान मिळालं, मला माझं घर राहिलं, कॉर्नवॉलला एक्झिटर मिळालं. नुकसान कोणाचं झालं ते मला दिसत नाही. हरायला तुला सांगितलं कोणी होतं? बीन्स मला पुरतात, असं मी स्वच्छ लिहिलं होतं.

हे लिहून पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. हो, मी घाबरलो. एडनाची खुर्ची, तिचा कप, सगळं जिथल्या तिथे आहे. तू आलीस की तू आवरणार. तू सगळं आवरतेस.

होरेस


लॅन्वेन
८ जुलै १९८६

होरेस,

मोसम जोरात आहे, म्हणून चारच ओळी. दिवसाला बसगाड्यांची रांग लागते. पर्यटक विचारतात, राजा नक्की कुठे आहे? मी म्हणते, तुमच्या पायाखाली, हळू बोला. मग ते कुजबुजत स्कोन खातात. एक गृहस्थ डेव्हनचे निघाले, क्रीम आधी लावायला लागले. जॅगोने त्यांना सांगितलं की मे महिन्यापासून ते आमच्या राज्यात आहेत आणि इथे जॅम आधी. बिचाऱ्यांनी निमूटपणे पुसून पुन्हा लावलं.

सेव्हर्नच्या गोष्टीला आता पोल्गॅरोत फाटा फुटलाय. म्हणतात, राजा झोपेत एकदा कुशीवर वळला, तेव्हा नदी सरकली. पुढच्या पिढीत ही दंतकथा होईल आणि कोणीतरी मास्तर ती वर्गात शिकवेल.

एडनाचा कप मी हलवला नसता. विचारायचं होतंस.

टॅमसिन


हडर्सफील्ड
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय टॅमसिन,

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. गिरणी बंद पडली. भोंगा नाही, त्यामुळे जाग येत नाही, आणि आलीच तर कशाला आली ते कळत नाही. इतकी वर्षं त्या भोंग्याला शिव्या घातल्या.

गेल्या आठवड्यात इथल्या पबमध्ये प्रश्नमंजूषा होती. मी एकटाच एका टेबलावर बसलो, माझा संघ एका माणसाचा. प्रश्न आला, कॉर्नवॉलच्या सरहद्दीची नदी कोणती? मला उत्तर देता आलं नाही. येत नव्हतं असं नाही. मला ते म्हणवेना. शेजारच्या टेबलावरची पोरगी 'टेमर' म्हणाली आणि गुण घेऊन गेली, आणि मला त्या रात्री आंधळ्या बगळ्यात बीअर पिऊन आरडाओरडा करणारी ती माणसं आठवली. तू एका कोपऱ्यात कोट चढवत होतीस, तेही आठवलं. तेव्हा बघितलं नाही, असं तू म्हणतेस. बघितलं होतं.

बीन्सचा कंटाळा आलाय. नाताळला मी लॅन्वेनला आलो तर चालेल का? नाताळ झाल्यावरही थोडं राहीन म्हणतो. खरं सांगायचं तर बरंच राहीन म्हणतो. दगड इथेच ठेवीन, एकसुद्धा आणणार नाही. मांजराचं चालवून घेईन, शिंका काय, येतात आणि जातात. गल्ल्यावर बसेन, भांडी विसळेन. एडनाचा कप तेवढा घेऊन येईन, तो तू ठेवशील तिथे ठेव.

वाट पाहतो.

तुझा चुलतभाऊ,
होरेस


लॅन्वेन
२० नोव्हेंबर १९८६

प्रिय होरेस,

'चालेल का' हा काय प्रश्न झाला? पेनरोझ बाई लिहिते ते खरंच असतं. माझं दार तुला सदैव उघडं आहे. सध्या त्यावर ओकची पाटी ठोकलेली असल्याने ते जडावून जरा अडकतं, पण खांदा लावून रेटलं की उघडतं.

तुला वरची मागची खोली देईन. तिथे माझ्या जॅमच्या बरण्या आहेत. त्या फळांच्या मोसमानुसार मांडल्यात, त्यामुळे हलवता येणार नाहीत, पण अंग चोरून गेलं की पलंगापर्यंत पोचता येतं. पलंगावर बिशप झोपतो. त्याला उठवायची पद्धत नाही. पहाटे छपरावर समुद्रपक्षी ओरडतात, त्याची वर्षा-दोन वर्षांत सवय होते. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, केवळ माहिती म्हणून.

तेव्हा हवं तेवढे दिवस येऊन राहा. फक्त यायचं ठरलं की आधी कळव. मलाही एखादी नदी हलवायला वेळ लागेल.

तुझी चुलतबहीण,
टॅमसिन